तेलाचा हात

माझं बूड एका जागी टेकत नाही, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. आई म्हणायची, "पायाले भिंगरी लावूनच आली व तू पोटातून." अशा बाईने पीएचडीसाठी काम निवडलं ते काय, तर काचेच्या उभ्या नळीसमोर सहा-सहा तास बसून थेंब गोळा करायचे. वर्गात रसायनशास्त्र शिकवताना मी फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत इतक्या चकरा मारते, की मुलांच्या माना दुखतात. नळीसमोरून मात्र उठता येत नाही. वरचं द्रावण संपून आतली पांढरी पावडर कोरडी पडली, की तिला तडे जातात आणि दिवसभराची मेहनत मातीत जाते.

वाशीमच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, तिथल्या प्रयोगशाळेत खिडकीशेजारी ही नळी लोखंडी स्टँडला बांधलेली असते. कमरेइतकी उंच, खाली काचेचीच छोटी तोटी. आत सिलिकाची पावडर द्रावणात भिजवून ठासलेली, आणि तिच्या डोक्यावर बोटभर जाडीचा बिब्याच्या तेलाचा काळा थर. वरून द्रावण ओतत राहायचं आणि खाली पडणारे थेंब क्रमांक टाकलेल्या परीक्षानळ्यांत धरायचे. आमचे परिचर काका पहिल्यांदा ते पाहून हात जोडून म्हणाले होते, "म्याडम, महादेवावरची गळती लावली काय तुमी?" तेव्हापासून आमच्याकडे त्या नळीचं नाव गळतीच पडलं.

त्या गळतीत काय होतं ते मी मुलांना लग्नाच्या मांडवाचं उदाहरण देऊन सांगते. जेवणं झाली, सगळे एकदम निघाले. ज्याच्या ओळखी कमी तो सरळ दाराबाहेर. ज्याच्या ओळखी जास्त तो दर खुर्चीशी थांबणार, 'कधी आले, कसे आले' करणार, आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडणार. पावडरीचा कण न् कण म्हणजे अशी एक खुर्ची. तेलातला जो पदार्थ कणांना कमी चिकटतो तो आधी खाली येतो, जो जास्त चिकटतो तो मागून. आत शिरणं वेगळं आणि नुसतं अंगाला चिकटणं वेगळं. पुस्तकात पहिल्याला शोषण म्हणतात, दुसऱ्याला अधिशोषण. मुलं पेपरात दोन्हींची हमखास अदलाबदल करतात आणि मी हमखास चिडते.

बिबा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. नारिंगी बोंडाखाली लटकणारी ही काळी कुळकुळीत बी. तिच्या टणक सालीत तेल, आणि आत पांढरी गोडंबी. गोडंबी थंडीच्या लाडवांत जाते, बाळंतिणीच्या ताटात जाते. साल मात्र वैरी. तिच्या तेलाचा थेंब कातडीला लागला, की आधी काळा डाग, मग खाज, मग फोड. त्याला बिबा उतणं म्हणतात. कोणाच्या जमत आलेल्या कामात कोणी मोडता घातला, तर त्याने 'बिब्बा घातला' असं उभा महाराष्ट्र म्हणतो. पण खरा बिबा उतलेलं माणूस त्यातल्या थोड्यांनीच पाहिलं असेल.

मी ते आरशात पाहिलं आहे. आमचं गाव मानोऱ्याजवळचं. थंडी सरता सरता गावातल्या बाया अंगणात बसून बिबे फोडतात. बिबा राखेत घोळवायचा, दगडावर उभा धरायचा, वरून लोखंडी बत्त्याचा एक नेमका ठोका, आणि गोडंबी अख्खी बाहेर. आई हे काम तीस वर्षं करते आहे. राख तेल ओढून धरते, हे तिला कोणी अधिशोषणाचा धडा शिकवून सांगितलेलं नाही. मला मात्र नुसत्या वाऱ्याने बिबा उतायचा. पाच वर्षांची असताना माझे डोळे सुजून असे मिटले, की आईला वाटलं पोरगी आंधळी झाली. त्यानंतर हंगामात ती मला अंगणात थांबूच देईना. "जाय, शाळेत जाय, हितं नको," हे तिचं रोजचं पालुपद. माझ्या बरोबरीच्या पोरी बत्ता धरायला शिकल्या, मी पाढे शिकले. मी हुशार होते म्हणून शिकले असं मी मुलाखतींत सांगते, पण खरं म्हणजे मी बिब्यापायी शिकले.

आणि फिरून फिरून भोपळे चौकात. संशोधनाला विषय घेतला तो बिब्याचाच. सालीच्या तेलातले जाळणारे पदार्थ वेगळे करायचे, शुद्ध करायचे, आणि त्यातला कोण किती जाळतो ते पाहायचं. अमरावतीचे माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "विषय चांगला आहे, पण तुम्ही धीराने घ्या." धीर हा शब्द ऐकला की मला खाज सुटते. नऊ वर्षं तासिकांवर काढलेल्या माणसाला धीर सांगू नये. प्रबंधाला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती, दिवाळीपर्यंतची. तोवर तो पुरा झाला नाही, तर नोंदणी रद्द, आणि कायम नोकरीचा विचारही सोडायचा. हाती असलेली प्रकरणं चार. सर म्हणत, पाचवं हवं, आणि त्यात काहीतरी नवं हवं.

सुरुवातीला मी प्रयोगशाळेतच बिबे फोडायला घेतले. हातमोजे होते, चष्मा होता, तरी दुसऱ्या दिवशी पापण्या भज्यांसारख्या फुगल्या. काकांनी मला पाहिलं आणि पंखा माझ्याकडे वळवला. आईला फोनवर आवाजावरूनच कळलं.

"तू हात नको लावू त्याले," ती म्हणाली. "तेल मी काढून देतो. मले काय, माह्या हाताले सवय हाय."

आमच्याकडच्या बाया 'मी देतो, मी करतो' असंच बोलतात. आईने सळई तापवली, एकेका बिब्यात टोचली, आणि टपटप पडणारं तेल स्टीलच्या डब्यात धरलं. डबा राखेच्या पोत्यात बसवून, वरून फडकं बांधून, एसटीच्या ड्रायव्हरच्या पायाशी ठेवून पाठवला. मी स्टँडवर जाऊन उतरवून घेतला. फोन करून शास्त्राप्रमाणे चौकशीही केली.

"आई, यात दुसरं काही मिसळत नाहीस ना?"

"मी काय दूधवाला हाव काय, पानी टाकाले?" ती तडकली. "शुद्ध बिब्याचं हाय. नावालेही दुसरं काई नाई."

मी वहीत लिहिलं: नमुना शुद्ध, खात्री केली.

फेब्रुवारीत ते तेल गळतीवर चढवलं. सकाळी सहालाच सुरुवात, कारण ऊन तापलं की द्रावण उडतं आणि नळीत बुडबुडे धरतात. बाहेर आलेल्या प्रत्येक नळीतला एक थेंब सिलिकाचा पातळ थर दिलेल्या बोटभर पट्टीवर लावायचा, पट्टीचा पाय द्रावणात बुडवून ती भिजत वर जाऊ द्यायची, आणि कोणता ठिपका किती वर चढला ते पाहायचं. बिब्याच्या तेलाचे दोन मोठे ठिपके मला पाठ होते. फेरिक क्लोराईड फवारलं की दोन्ही काळेहिरवे होतात. त्या दिवशी जांभळ्या दिव्याखाली पट्टी धरली, तर दोघांच्या मधे तिसरा ठिपका होता. छोटा, पण रेखीव. फेरिक क्लोराईड फवारलं, तर दोघे काळे पडले आणि हा कोरा राहिला.

मी पट्टी घेऊन खोलीत फिरले. मग व्हरांड्यात फिरले. मग पुन्हा आत येऊन पाहिलं, की आहे ना. बिब्यावर जे छापून आलेलं मला मिळालं होतं, त्यात असा ठिपका कुठेच नव्हता. रात्रभर ते सगळे कागद पुन्हा चाळले. सकाळी दुसरी पट्टी लावली, तरी होता. मार्चमध्ये आईकडून दुसरा डबा मागवला, दुसऱ्या झाडांच्या बिब्यांचा, तर त्यातही होता. दोनदा आला म्हणजे खरा, असा मी निकाल दिला आणि सरांना फोन लावला. फोनवर उत्साह दाखवायची सरांची पद्धत नाही. ते म्हणाले, "हं," आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हं." मग म्हणाले, "नवा असेल तर पाचवं प्रकरण झालं."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मी त्या प्रकरणाचं शीर्षक लिहून टाकलं. पदार्थाला नाव काय द्यावं याचा विचार सुरू केला आणि गावाचं नाव त्यात कसं बसवता येईल ते पाहू लागले. तिसऱ्या ठिपक्याच्या नळ्या एकत्र केल्या, द्रावण उडवलं, आणि छोट्या कुपीच्या तळाशी चिमूटभर पांढरट काहीतरी उरलं. बिब्यासारख्या काळ्या तेलातून पांढरं निघावं, याचंच मला वेड लागलं. त्या झाडाच्या पोटात न जाळणारंही काही आहे, असं मनात येऊन डोळे भरायचे. नागपूरच्या यंत्रावर तपासणीचा नंबर लागायला दोन महिने होते. तोवर कुपी माझ्या पर्समध्ये. बसमध्ये, वर्गात, भाजी घेताना, मी हात घालून ती आहे ना ते चाचपायची. जेवण गोड लागेना, झोप लागेना. कोणी सहज "काय म्हणतं संशोधन?" विचारलं तरी अंगावर जायची.

मधे एका शनिवारी गावी गेले. रेशन कार्डाच्या केवायसीसाठी आईला अंगठा द्यायचा होता आणि दोनदा हेलपाटा होऊन ती परत आली होती. मी सोबत गेले. दुकानदाराने छोटं यंत्र पुढे केलं. आईने अंगठा ठेवला, यंत्राने लाल दिवा दाखवला. पदराला पुसून ठेवला, लाल. दुकानदार म्हणाला, "काकू, केसाले घासा जरासा, मंग घेते." तिने भांगात घासला, लाल. डावा ठेवला, लाल. तीस वर्षांच्या बिब्याने तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच्याच खाल्ल्या होत्या. बोटं काळी, गुळगुळीत, घासलेल्या पाट्यासारखी. मी भांडायच्या तयारीने पुढे सरसावले, तेवढ्यात दुकानदाराने दुसरा मार्ग काढला. माझ्या मोबाइलवर आकडा आला, तो सांगितला, काम झालं.

परत येताना आई म्हणाली, "म्हंजे मी हाव म्हनून तुह्या मोबाइलनं सांगतलं. म्या सांगतलं तं नाई चाललं."

मी म्हटलं, "झालं ना काम, आई." माझं लक्ष कुपीकडे होतं.

एप्रिलमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं भेसळीचं प्रात्यक्षिक घेतलं. दरवर्षीचंच. पूर्वी वनस्पती तुपात मुद्दाम थोडं तिळाचं तेल घालायचे, म्हणजे कोणी साजुक तुपात ते मिसळलं तर पकडता यावं. तूप वितळवायचं, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर टाकून हलवायचं. तिळाचं तेल असेल तर खालचं आम्ल गुलाबी होतं. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, कारण दुसऱ्याला चोर ठरवायला मिळतं. त्या दिवशी एका टेबलावरची नळी छान गुलाबी झाली, आरडाओरडा झाला, आणि मी नेहमीसारखी चकरा मारत होते.

पुढचं मी का केलं, ते मला नीट सांगता येत नाही. हाताला चाळा हवा होता, एवढंच. मुलं गेल्यावर आम्लाची बाटली उघडीच होती. मी पर्समधली कुपी काढली, कण दोन कण नळीत टाकले, साखर टाकली, आम्ल टाकलं, हलवलं.

गुलाबी झालं. फिकट नाही, चांगलं, निर्लज्ज गुलाबी.

मी ती नळी स्टँडमध्ये ठेवली आणि स्टुलावर बसले. काका झाडायला आले, तर मी बसलेलीच. ते घाबरले. "म्याडम, बसले काहून तुमी? तब्येत ठीक हाय ना?"

बाजारातून तिळाच्या तेलाची बाटली आणवली आणि त्याचा थेंब तिसऱ्या ठिपक्याच्या शेजारी पट्टीवर लावला. तेलातला एक ठिपका वर चढत चढत अगदी त्याच उंचीवर येऊन थांबला. नवं काही नव्हतं. माझ्या पाचव्या प्रकरणाचं नाव तिळाचं तेल होतं.

ते आलं कुठून? माझ्या नळ्या धुतलेल्या, द्रावण बंद बाटलीचं. राहिली आई. खोटं सांगते की काय? रविवारी पहिल्या बसने निघाले. मंगरूळपीरला बस बदलायची, तिथे अर्धा तास थांबणं जिवावर आलं. सगळ्या वाटेभर मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते, आणि माझ्याकडून मी भारी बोलत होते.

अंगणात आईने निखारे फुलवलेले, सळया तापत ठेवलेल्या. माझ्यासाठी तिसरा डबा भरायला घेतला होता. मी येणार हे तिला माहीत नव्हतं. मी फाटकापाशीच थांबून पाहत राहिले. तिने बाटलीतलं तेल तळव्यावर घेतलं, बोटांच्या बेचक्यांत, नखांत, मनगटावर, कोपरापर्यंत चोळलं. मग हाताला उरलेलं तेल रिकाम्या डब्यात आतून गोल फिरवलं, तळाला, कडांना. तव्याला फिरवतात तसा तेलाचा हात.

"हे कशाला?" मी ओरडलेच.

ती दचकली, मग हसली. "आली व? अवं, तेलाचा हात दिला का बिबा धरत नाई. हातालेबी नाई, डब्यालेबी नाई. तुलेच डबा घासाले सोपा जाते."

"मी विचारलं होतं ना, आई? काही मिसळत नाहीस ना म्हणून दहादा विचारलं होतं!"

"मंग? हे काय मिसळनं हाय? हे तं हाताचं हाय."

तिच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं, लबाडी नव्हती, गोंधळसुद्धा नव्हता. कणकेला तेलाचा हात लावला तर पोळीत तेल मिसळलं असं कोण म्हणतं? मी तिथे पायरीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिसरा ठिपका, पाचवं प्रकरण, दिवाळीची मुदत, गुलाबी नळी. तिला ठिपका कळला नाही, पण बाकीचं कळलं. तिने तोंडावर पदर धरला.

"म्हंजे म्याच बिबा घातला म्हन, तुह्या शिक्षणात."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं, आणि दोन्हींचा मला राग आला. मी काही बोलायच्या आत ती उठली. चुलीतली राख घेतली, मोरीवर जाऊन हात कोपरापर्यंत खसाखसा घासले, साबण लावला, पुन्हा राख. डबाही तसाच घासला. हात पदराला कोरडे करून परत निखाऱ्यापाशी येऊन बसली.

"घे. आता काढतो, कोरड्या हातानं. मंग तं शुद्ध निघन ना?"

खोटं कशाला सांगू, अर्धा क्षण मी गप्प राहिले. त्या अर्ध्या क्षणात मी हिशेब केला: दोन डबे, मे महिना, नळी चढवायला आठवडा, अजूनही दिवाळी गाठता येईल. तिच्या हाताला सवय आहे, असं ती स्वतःच तर म्हणते. तेवढ्यात तिने डाव्या हाताने बिबा धरला आणि उजव्याने सळई उचलली, आणि मला दिसलं, की बिबा धरलेली तिची बोटं टोचण्याआधीच मागे सरत होती. तिला सवय कसलीच नव्हती. तिला तेलाची सवय होती.

मी तिचं मनगट धरलं, बिबा हिसकावला आणि राखेत फेकला. तो आधीच फुटलेला असावा. दुसऱ्या दिवशी माझ्या तळव्यावर बिबा उतला आणि पुढचा आठवडाभर मी रात्री उठून तो हात गार पाण्यात घालून बसत होते. त्या खाजेत मला तो अर्धा क्षण आठवायचा आणि हात पाण्यातून काढून घ्यावासा वाटायचा.

सरांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

"तिळाचं तेल," ते म्हणाले.

"हो सर."

"आलं कुठून?"

"आईच्या हाताचं."

मग म्हणाले, "असंच लिहा. छापून आल्यावर कळलं असतं, तर तोंड दाखवायला जागा नव्हती. त्या हातावरच्या तेलाचा नमुना घ्या, शेजारी पट्टी लावा, पुरावा जोडा. आणि यापुढे टरफलं तशीच मागवा, तुम्ही द्रावणात भिजवून तेल काढा." दिवाळीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. तोवर होईल की नाही, आजही सांगता येत नाही. टरफलं आली आहेत. मी कॉलेजच्या गच्चीवर वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी राहून ती भिजवते, तोंडाला दोन मास्क लावून, आणि काका लांबून सूचना करतात.

हातावरच्या तेलाचा नमुना हवा, एवढंच मी आईला फोनवर सांगितलं होतं. कापसाला पुसून पाठव, असं सांगायचं राहिलं. मेच्या पहिल्या आठवड्यात ती स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात उभी. उजव्या हाताला मनगटापर्यंत प्लास्टिकची पिशवी, वरून रबर. घरून तेल लावून, पिशवी बांधून, दोन बस बदलत, तो हात कशाला लागू न देता ती वाशीमला आली होती. तिकीट डाव्या हाताने काढलं होतं.

"आनला नमुना," ती म्हणाली आणि पिशवी सोडली.

काकांनी तिला माझं स्टूल दिलं. ती गळतीकडे पाहत राहिली. थेंब पडत होते. "हेच काय ते?" तिने हळूच विचारलं. मी तिच्या तळव्यावरून कापसाचा बोळा फिरवला, काम खरं म्हणजे तिथेच झालं. पण तिने हात मागे घेतला नाही, तसाच पुढे धरून ठेवला, अजून काही द्यायचं राहिल्यासारखा. माझ्यासमोर कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा होता. मी त्यातली एक रुंद पट्टी घेतली, तिचा अंगठा धरला आणि पट्टीवर दाबला. पांढऱ्यावर काहीच दिसलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी रेशनच्या दुकानात पाहिला होता.

मी पट्टी आयोडीनच्या बरणीत उभी केली आणि झाकण लावलं. त्या बरणीत तेलकट असेल ते तपकिरी होऊन वर येतं. आम्ही तिघे वाकून बघत राहिलो. आधी सगळं पिवळसर झालं, मग मधोमध रंग धरायला लागला. रेषा नव्हत्या, एकही नव्हती. पण अंगठा होता. पुरा, रुंद, खाली थोडा वाकडा, तिचाच.

"घेतला काय व यानं?" आईने विचारलं.

"घेतला."

"पाह्यलं का?" ती काकांना म्हणाली. "घेतला यानं."

आयोडीन हवेत उडून जातं आणि डाग दोन मिनिटांत पुसला जातो, म्हणून पट्टी बाहेर काढली की लगेच पेन्सिलीने कड ओढायची असते. मी पट्टी काढली, टेबलावर ठेवली, आणि अंगठा उडून जायच्या आत त्याची कड ओढून घेतली.